मला सांगितलंय तिनं

"शोकाकुलच्या खाली मैत्रिणींची नावं टाकायची का, मावशी?" संपतनं विचारलं, आणि गिरणीत कुणी काही बोलेना.

तशी गिरणी शांतच होती. हौसा आणि पोपटरावांची ही पिठाची गिरणी दिवसाढवळ्या बंद असलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. पट्टा ढिला पडून लोंबत होता. भिंतींवर, जळमटांवर, वजनकाट्यावर पिठाचा थर जसाच्या तसा. घरात पाहुण्यांची दाटी, म्हणून हौसाच्या दहाव्याचं ठरवायला आम्ही चौघं इथं येऊन बसलो होतो. तिचा नवरा पोपटराव, मुलगा संपत, मी आणि सोजर.

सोजर कशाला, असं मी पोपटरावांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "हौसाच्या दोन मैत्रिणी, दोघी पाहिजेत." दोन! माणूस पंचवीस वर्षं संसार करतो आणि त्याला बायकोच्या मैत्रिणी मोजता येत नाहीत.

आमच्या भागात दहावा म्हणजे लहानसहान काम नसतं. नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, प्रवचनाला बुवा, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि वेशीत हसरा फोटो छापलेला भला मोठा फ्लेक्स. त्या फ्लेक्सच्या खालच्या बाजूला 'शोकाकुल' म्हणून नावं येतात. ज्याचं नाव तिथं नाही त्याला दुःख झालेलं नाही, असं गाव धरून चालतं.

"टाक की," मी म्हणाले. "आणि नीट टाक. श्रीमती शालन रघुनाथ जगताप."

सोजर पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती. हौसा टेकायची त्याच पोत्याला. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "नाव कशाला पाहिजे? हौसाला ठाऊक होतं तिचं कोण होतं ते."

"मग तुझं नको टाकूया."

"मी नको म्हणाले का? टाकायचंच झालं तर वयाप्रमाणं टाका म्हणते. मी दोन वर्षांनी मोठी आहे शालनपेक्षा."

"बघ रे संपत. बायका वय चोरतात, ही वाढवून सांगायला लागली."

संपतचे डोळे रडून सुजलेले होते. त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं पट्ट्याकडं पाहिलं. "'समस्त महिला भगिनी' असं टाकू का?" तो हळूच म्हणाला.

"टाक," आम्ही दोघी एकदम म्हणालो. माझं नाही तर तिचंही नको, एवढ्यावर आमचं एकमत होतं. बहुधा आयुष्यातलं पहिलंच.

"आणि पिंडाजवळ आईच्या आवडीचं काय काय ठेवायचं?"

"जिलेबी," मी म्हणाले.

"शिळ्या भाकरीचा काला," सोजर म्हणाली. "वरून कच्चं तेल आणि कांदा."

"जिलेबी तिचा जीव की प्राण होती. बाजारच्या दिवशी माझ्याकडं बसून पाव किलो एकटी संपवायची."

"तुझ्याकडं संपवत असेल. माझ्याकडं तिनं कधी गोडाचं नाव काढलं नाही."

पोपटराव खाकरले. "मला वाटतं, तिला पिठलं आवडायचं."

आम्ही दोघींनी त्यांच्याकडं बघितलं. "ते तुम्हाला आवडतं, भावजी," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि डोळे पुसले. मला वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

हौसा आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. ती गिरणीत उभी राहिली, मी शिलाई मशीनवर बसले. मला शिवण कुणी शिकवलं नाही. जुनं पोलकं उसवून बघायचं आणि पुन्हा तसंच जोडायचं, असं करत हात बसला. लोकांनी कापड द्यावं म्हणून हौसानं पहिलं पोलकं माझ्याकडून शिवून घेतलं आणि ते घालून महिनाभर गिरणीत मिरवली. एक बाही आखूड होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता अशीच फॅशन आलीय." दुपारी गिरणी थंडावली की ती माझ्याकडं यायची. भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मशीनजवळ बसून गावभरचं बोलायची. कुणाच्या घरी ज्वारी संपून गहू सुरू झाला, कुणाच्या दळणात किडे निघाले, कोण सून दळणाच्या निमित्तानं येऊन रडून गेली. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर ती माझ्या स्वयंपाकघरात राबली आणि मला एकदाही 'रडू नको' म्हणाली नाही.

मग सोजर आली. आमच्याच आळीत, माझ्या समोरच्या घरात. आल्यावर वर्षाच्या आत तिचा नवरा एका संध्याकाळी रॉकेलचा डबा घेऊन रेशन दुकानात गेला तो परत आला नाही. तोही नाही आणि डबाही नाही. चौकीत कळवलं, देव पाण्यात घातले, भविष्य बघितलं. काही नाही. तेव्हापासून सोजर कपाळाला कुंकू लावून, मंगळसूत्र घालून घरात एकटी. दिवसभर शेंगा फोडायचं काम करायची, कुणाशी चार शब्द बोलायची नाही.

आणि दिवेलागणीला हौसा सापडायची नाही.

मला कळायला थोडे दिवस लागले. संध्याकाळी गिरणीवर गेलं की पोपटराव म्हणायचे, "आत्ताच गेली." कुठं ते त्यांनाही माहीत नसायचं. एकदा मी माझ्या दारातून सहज पाहिलं, तर समोर सोजरच्या उंबऱ्यावर दोघी. एक या चौकटीला टेकून, एक त्या. दिवा लावलेला नाही. बोलत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. मी बराच वेळ बघत राहिले, आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलल्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? माझ्याकडं तर ती दुपारभर बोलायची. पण बोलणं काय, ती दळणाला आलेल्या कुणाशीही बोलायची. न बोलता कुणाजवळ बसायची? मी एकदा तिला विचारलं, "काय गं, काय करता तिथं एवढा वेळ?"

"काही नाही."

"काही नाही करायला रोज जातीस?"

"तू तुझी बटणं लाव, शाले," ती हसून म्हणाली. "सगळ्यात तुला काजं करायची असतात."

मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. त्याचा आणखी राग आला.

हौसा गेली ती सवाष्ण. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं पातळ नेसवतात, हिरवा चुडा भरतात, आणि सवाष्णींनी तिची ओटी भरायची असते. अंगणात हौसाला ठेवली होती. पहिलं पोलकं मी शिवलं तिचं, शेवटचंही मीच शिवलं. रडत रडत शिवलं, तरी दोन्ही बाह्या बरोबर आल्या. आणि ओटी भरायची वेळ झाली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "शालन, तू जरा मागं हो."

मी मागं झाले. खण, नारळ, तांदूळ घेऊन पुढं आली सोजर. तिचा नवरा असून नाही, माझा नसून रोज आहे, फोटोतून बघतो. पण ओटी भरायला ती चालली आणि मी नाही चालले. मी मागच्या बायकांच्या खांद्यावरून बघत होते. सोजरनं हौसाच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

इतकी वर्षं न बोलता बसायची. आणि आता बोलली! आणि माझ्यासमोर!

म्हणून त्या दिवशी गिरणीत, पोपटरावांनी विषय काढला तेव्हा मी तयारीतच होते.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "माझ्या आईच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. ऊन डोक्यावर आलं तरी नाही. मग धाकट्या बहिणीला नांदायला नीट घालवीन म्हणून मी कबूल केलं, तेव्हा कुठं शिवला. हौसाचं काही राहिलं असलं तर आत्ताच सांगा, बाई. मला ती कधी काही बोलली नाही. तिला माझ्याशी बोलायला वेळच नव्हता."

मी पदर सारखा केला.

"मला सांगितलंय तिनं," मी म्हणाले.

पोपटरावांचा चेहरा एकदम उजळला. "काय?"

"ते असं इथं सांगायचं नसतं, भावजी. घाटावर, तिच्यासमोर सांगीन."

आणि ते खोटं नव्हतं. दवाखान्यात शेवटचे दिवस तिच्याजवळ मीच होते. पुण्याला, त्या मोठ्या दवाखान्याच्या जनरल वॉर्डात, खाटेखाली सतरंजी टाकून. सोजर एकदाही आली नव्हती. संध्याकाळी ती घराबाहेर पाऊल टाकत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. ओटी तिला मिळाली होती, पण शब्द मला मिळाले होते. आता हे शब्द काय होते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मिरवायला ते चांगले होते. उघडायला नव्हते.

सोजरनं पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं नाही, पट्ट्याकडं बघत म्हणाली, "मलाही सांगितलंय."

"कधी?"

"तुला कधी सांगितलं ते मी विचारलं का?"

"तू दवाखान्यात कुठं होतीस?"

"माणूस दवाखान्यातच बोलतं का फक्त?"

पोपटराव दोघींकडं आळीपाळीनं बघत होते, टेनिसची मॅच बघावी तसे. "बरं, बरं," ते म्हणाले. "दोघी सांगा. एकीचं नाही तर दुसरीचं ऐकेल कावळा."

एकीचं नाही तर दुसरीचं. म्हणजे कुणाचं ऐकतो, हे सगळ्या गावासमोर ठरणार.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सोजर सकाळपासून हौसाच्या घरी असायची. भांडी घासायची, पाहुण्यांना पाणी द्यायची. मीही जायचे. ती चुलीपाशी असली तर मी तिच्या हातातली पळी ओढून घ्यायचे. ती अंगण झाडायला लागली तर मी दुसरी केरसुणी शोधायचे. अंगण इतकं स्वच्छ झालं की हौसाची नणंद म्हणाली, "दोघींनी माती खरवडून काढली गं बाई." फक्त ऊन कलायला लागलं की सोजर हातातलं तसंच टाकून घरी पळायची. तेवढा वेळ सगळं माझं.

आणि सारखा एकच किडा. तिला काय सांगितलं असेल? ओटी भरताना कानात काय बोलली? हौसानं तिला असं काय सांगितलं, जे मला सांगितलं नाही? मशीनवर बसले तरी तेच. एका गिऱ्हाइकाच्या पोलक्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

दहाव्याला घाट भरून माणसं आली होती. गिरणीवाली बाई, सगळ्या गावाचं दळण तिच्या हातून गेलेलं. बुवांनी प्रवचनात देहाला जात्याची उपमा दिली, लोकांनी माना डोलावल्या. मग भाषणं सुरू झाली. एका पुढाऱ्यानं हौसाचं नाव दोनदा चुकवलं. मी बायकांमध्ये पुढं बसले होते. सोजर माझ्या शेजारी, कारण मागं बसायला दोघीही तयार नव्हतो.

खाली पाण्याजवळ गुरुजी पिंड मांडत होते. संपतचं मुंडण झालेलं, उन्हात डोकं चमकत होतं. एका हातात जिलेबीची पत्रावळ, दुसऱ्या हातात काल्याची. पिठलंही होतं. मीच संपतला सांगून ठेवायला लावलं होतं.

खरं सांगायचं तर तिथं जाऊन काय बोलायचं ते माझं अजून ठरलं नव्हतं. खरं ते बोलायचं म्हणजे सोजरच्या देखत बोलावं लागणार. खोटं बोलायचं म्हणजे हौसाच्या देखत. कावळा येऊच नये तासभर, असंही वाटत होतं. आणि मी बोलल्यावरच यावा, असंही.

पोपटरावांनी वर बघून हात केला. "या बाई, कुणाला काय सांगायचं ते सांगा."

मी उठले. सोजर उठली. डोक्यावर पदर घेऊन आम्ही पायऱ्या उतरायला लागलो. मी एक पायरी पुढं झाले की ती पुढं, ती पुढं झाली की मी. दगड ओले होते. मांडवातली माणसं बघत होती. मागं पुढाऱ्याचं भाषण चाललंच होतं, "हौसाबाई म्हणजे एक वटवृक्ष."

अर्ध्या पायऱ्या उतरलो असू. गुरुजींचं हात काढून घेणंही झालं नव्हतं. करंजाच्या झाडावरून एक कावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली, भाताचा घास घेतला आणि नदीवरून पलीकडं गेला. जिलेबीकडं बघितलं नाही. काल्याकडं नाही. पिठल्याकडं तर नाहीच.

"झालं!" गुरुजी म्हणाले. "शिवला!"

मांडवात एकदम कुजबुज उठली. "भाग्याची बाई." "काही मागं राहिलं नाही तिचं." पुढाऱ्याचा वटवृक्ष तसाच अर्धवट राहिला. पोपटराव दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले, सुटल्यासारखे.

आणि आम्ही दोघी पायऱ्यांच्या मध्यावर उभ्या. एसटी चुकलेल्या बायका फाट्यावर उभ्या राहतात तशा. खालीही जाता येईना, वरही. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. अगं, जरा थांबली असतीस! मी येत होते ना!

जेवणं उरकल्यावर मी हौसाच्या परसात हात धूत होते. सोजर तांब्या घेऊन माझ्या हातावर पाणी घालायला आली. मी नको म्हणायच्या आत तिनं ओतलंही.

"शाले," ती म्हणाली, "एक सांगू?"

"सांग."

"मला काही सांगितलं नव्हतं तिनं."

मी हात तसेच धरून राहिले.

"तू म्हणालीस म्हणून मी म्हणाले. मला राहवलं नाही. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी आली होती नेहमीसारखी. उठताना म्हणाली, दार लावून घे, वारं सुटलंय. एवढंच. ते काय सांगणं झालं?"

"मग ओटी भरताना कानात काय बोललीस?"

"तेच. म्हटलं, लावते हो दार." तिनं तांब्या खाली ठेवला. "तुला काय म्हणाली गं?"

ही वेळ माझी होती. दहा दिवस ज्याची वाट बघितली ती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतं तसं. मी कधी तिला इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. कुंकवाखाली कातडी पांढरी पडलेली, इतकी वर्षं लावून लावून.

"गिरणीच्या पट्ट्याचं म्हणाली," मी म्हणाले. "जुना झालाय, बदलून घ्या म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं सुस्कारा टाकला. तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मला ते बघवेना. म्हणजे मलाही काही मिळालं नव्हतं, हे ऐकून तिला थंड वाटलं. आणि मी मूर्ख, जे तिचं होतं ते माझ्याकडं दाबून ठेवून तिच्याकडून ऐकून घेत होते. ऊन उतरलं होतं. "जाते गं," ती म्हणाली आणि लगबगीनं निघाली.

मीही घरी आले. मशीनवर बसले. त्या दोन डाव्या बाह्या उसवायला घेतल्या.

दवाखान्यात त्या दुपारी हौसानं मला जवळ बोलावलं होतं. आवाज गेलेला, ओठाशी कान न्यावा लागायचा. "शाले, एक काम आहे." इतक्या वर्षांच्या मैत्रीचं शेवटचं बोलणं, ते मला मिळणार होतं. मी तिचा हात धरला.

"दिवेलागणीला सोजरकडं जाऊन बसत जा," ती म्हणाली.

मी तिचा हात सोडून चादर सारखी केली.

"बोलावं लागत नाही काही. नुसतं बसायचं. ती वेळ तिला जात नाही. तो गेला ती वेळ. तिनं दिवा लावला की निघायचं."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुझं काय?" हौसानं डोळे मिटले. "तुझी मला काळजी नाही."

हे तिनं कौतुकानं म्हटलं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी ते सुईसारखं गेलं. ज्याची काळजी नाही त्याचं काय? आपली कुणीतरी काळजी करावी म्हणून माणूस काय काय करतं! आणि हिचा शेवटचा जीव अडकला कुणात, तर सोजरमध्ये. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं. मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. संध्याकाळी तिची शुद्ध गेली.

मशीनवर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, मी हो म्हणालेच नव्हते. मग कावळा शिवला कसा? इतक्या पटकन? काही मागं राहिलं नाही, असं सगळा घाट म्हणाला. म्हणजे माझं हो तिनं धरूनच ठेवलं होतं. आयुष्यभर तिनं माझ्याशी हेच केलं. मी जेवते का विचारायच्या आत ताट वाढून मोकळी. मी नको म्हणेपर्यंत अर्धी भाकरी माझ्या पोटात गेलेली.

बाहेर अंधारायला लागलं होतं. समोरच्या उंबऱ्यावर सोजर बसली होती. एका चौकटीला टेकून. दुसरी चौकट मोकळी. ती आळीच्या तोंडाकडं बघत होती, जिकडून रॉकेलचा डबा घेऊन माणूस येऊ शकतो.

मी उठले. माझ्या घरात दिवा लागलेला होता. रेडिओ चालू होता. मी तो बंदही केला नाही. चपला घातल्या आणि आळी ओलांडली.

"काय गं?" सोजर दचकून म्हणाली. "काय काम?"

"काही नाही. माझ्याकडची लाईट गेलीय."

तिनं माझ्या घराकडं पाहिलं. खिडकीतून उजेड रस्त्यावर पडला होता. शेतकऱ्यांसाठी हवामान सांगत होते ते आमच्या दोघींना स्पष्ट ऐकू येत होतं.

"गेली का," ती म्हणाली.

आणि ती जरा सरकली. दुसऱ्या चौकटीपाशी एक रिकामं पोतं घडी घालून ठेवलेलं होतं. बसून बसून चपटं झालेलं, मध्ये पिठाचा पांढरा डाग. हौसाची जागा. मी त्या जागेवर बसले. थोडी लहानच पडली मला.

कुणीच काही बोललं नाही. मला ते फार अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आळीतून एक सायकल गेली, एक शेळी गेली. प्रत्येक चाहुलीला सोजरचा खांदा जरासा वर व्हायचा आणि खाली यायचा. इतक्या वर्षांत समोर राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं. मी नुसतं ओझरतं बघायचे, दोघी बसलेल्या.

खूप वेळानं ती म्हणाली, "पट्टा बदलला का गं गिरणीचा?"

"नाही अजून."

"बदला म्हणावं. तिनं सांगितलंय ना."

"हं."

मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. मग ती उठली, आत गेली आणि तिनं दिवा लावला. मी निघाले. "दार लावून घे," मी म्हणाले. "वारं सुटलंय."

वारं मुळीच नव्हतं.

सोळा वर्षं झाली. पोपटराव गेले, गिरणी संपतनं मोठी केली, आता नवा पट्टा आहे, नवी मोटर आहे. माझ्या मुली सारख्या मागं लागतात, आमच्याकडं येऊन राहा, एवढ्याशा गावात तुझं आता काय राहिलंय. मी दिवाळीला जाते, चार दिवस राहते, आणि परत येते. काय करणार?

माझ्याकडची लाईट अजून आलेली नाही.